दिवसाला एकच विमान, मग इतका स्टाफ कशाला? छोट्या विमानतळावरच्या कामाबद्दल

धावपट्टी

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. त्याच वर्षी सोलापूरहूनही विमानं उडू लागली. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, शिर्डी, ओझर, चिपी ही नावं वेळापत्रकात दिसू लागल्याचा मला मनापासून आनंद आहे. महाराष्ट्रातल्या अशाच एका छोट्या विमानतळावर मी काही वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये होते. आता मोठ्या शहरात त्याच क्षेत्रात काम करते. विमान आलं, फीत कापली, पाण्याच्या फवाऱ्याने स्वागत झालं, एवढ्याच बातम्या येतात. ते विमान रोज वेळेवर निघावं म्हणून जी सहा-सात मुलं-मुली धावत असतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

"दिवसाला एक तर विमान, बाकी वेळ काय करता?" हे मी प्रवाशांकडून ऐकलं, नातेवाइकांकडून ऐकलं आणि माणसं किती द्यायची हे ठरवणाऱ्या साहेबांकडूनही ऐकलं. खरी अडचण या प्रश्नातच आहे. माणसांची संख्या ठरते दिवसात किती उड्डाणं यावरून. काम मात्र दिवसभर पसरलेलं नसतं, ते विमानाच्या आगेमागे असलेल्या दीड-दोन तासांत कोंबलेलं असतं, आणि त्यातही सगळ्यात जास्त वीस-पंचवीस मिनिटांत.

सत्तर आसनांचं, पंख्यांवर चालणारं एटीआर हे छोटं विमान घ्या. सुटण्याच्या दोन तास आधी काउंटर उघडतो. दोघं चेक-इनला बसतात. एक जण चेक-इन सामानाच्या एक्स-रेवर असतो, आणि तिथे प्रमाणपत्र असलेलाच माणूस लागतो, दुसऱ्याला बसवता येत नाही. स्टेशन मॅनेजर फोनवर असतो. इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग काउंटर बंद होतो आणि याद्या जुळवायच्या असतात: किती प्रवासी, किती लहान मुलं, किती बॅगा, त्यांचं वजन किती, कोण आलं नाही. हे आकडे लोडशीटसाठी, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाच्या कागदासाठी, पाठवायचे. आणि नेमकं त्याच सुमाराला येणारं विमान उतरतं.

आता त्याच माणसांनी रॅम्पवर, म्हणजे विमान उभं राहतं त्या जागेवर, जायचं. चाकांना चोक म्हणजे अडवायचे ठोकळे, भोवती रस्त्यावर ठेवतात तसे प्लॅस्टिकचे कोन, शेपटीखाली टेकू. उतरणाऱ्या प्रवाशांना पंख्यापासून लांब ठेवत इमारतीपर्यंत न्यायचं, व्हीलचेअरवाले असतील तर त्यांना सांभाळून उतरवायचं. बॅगा बेल्टवर पाठवायच्या, नव्या चढवायच्या. आत गेटवर बोर्डिंगची घोषणा करायची, पास तपासायचे, ओळखपत्रं बघायची. आलेल्या प्रवाशांपैकी एखाद्याची बॅग मिळाली नाही तर त्याची तक्रारही तिथेच लिहून घ्यायची. सकाळी काउंटरवर हसून "नमस्कार" म्हणणारी मुलगी, तासाभराने पिवळं जाकीट घालून उन्हात हात करणारी आणि नंतर हरवलेल्या बॅगेचा फॉर्म भरून घेणारी ही तीन माणसं नसतात, एकच असते.

एका माणसाने अनेक कामं करण्याला माझा विरोध नाही. मी तसंच काम शिकले आणि त्याचा मला अभिमान आहे. पण अनेक कामं येणं वेगळं आणि ती एकाच क्षणी करावी लागणं वेगळं. माणसं ठरवताना हा फरक बघितला जात नाही, ही माझी तक्रार आहे. इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा.

गोदाकाठ

चांगला विषय. एक शंका बरेच दिवस मनात होती. ओझरला मी विमानाच्या पन्नास मिनिटं आधी पोचले होते. रांग नव्हती, काउंटरवर मुलगी दिसत होती, तरी "काउंटर बंद झाला" म्हणून परत पाठवलं. मुंबईला ठीक आहे, तिथे गेटपर्यंतच अर्धा तास लागतो. इथे तर काउंटर ते विमान दोनशे पावलं. मग इतका ताठरपणा कशासाठी?

धावपट्टी

गोदाकाठ, तुम्हाला त्या दिवशी किती त्रास झाला असेल याची कल्पना आहे. देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक कंपन्या काउंटर ६० मिनिटं आधी बंद करतात, काही ठिकाणी लहान विमानांना ४५ मिनिटं. ही वेळ तुमच्या चालण्यासाठी ठेवलेली नसते, विमानाच्या वजनाच्या हिशेबासाठी असते.

काउंटर बंद झाला की प्रवाशांचा आकडा गोठतो. आपल्याकडे मोठ्या माणसाचं वजन ७५ किलो, मुलाचं ३५ आणि तान्ह्याचं १० धरतात. त्यात बॅगांचं प्रत्यक्ष वजन, इंधन आणि कोण कुठल्या रांगेत बसलंय हे मिळवून विमानाचा तोल काढतात. मग वैमानिकाला लोडशीट मिळते. आता अनेक कंपन्यांत हा हिशेब दूरच्या मध्यवर्ती केंद्रात होतो, पण आकडे पाठवणारा माणूस स्टेशनवरचाच असतो. नंतर एक माणूस वाढला तर दुरुस्ती करता येते, नाही असं नाही. पण दुरुस्ती करणारी व्यक्ती तेव्हा रॅम्पकडे निघालेली असते. तुम्हाला दिसलेली मुलगी बहुधा काउंटरवर बसलेली नव्हती, याद्या बंद करून उठत होती.

पाना_पक्कड

एटीआरच्या देखभालीत बरीच वर्षं आहे. धावपट्टी यांनी टेकूचा उल्लेख केला म्हणून लिहितो, कारण प्रवाशांना त्याचं कुतूहल असतं.

एटीआर ७२ मध्ये प्रवाशांचा दरवाजा मागे आहे आणि सामानाचा मोठा कप्पा पुढे. प्रवासी मागून चढतात, त्यामुळे एका क्षणी सगळं वजन शेपटीकडे गोळा होतं. त्यात पुढच्या बॅगा आधीच उतरवलेल्या असतील तर नाक उचललं जायची भीती, म्हणून टेकू. बॅगा आणि माणसं कुठल्या क्रमाने चढवायची यालाही नियम आहेत. हे सगळं बघणारा माणूस रॅम्पवर पूर्ण वेळ हवा. अर्ध्यातच त्याला आत बोलावलं की मागे राहणारा लोडर आपल्या अंदाजाने काम उरकतो.

दुसरं हॉटेल मोडचं. या विमानात मागच्या बाजूला वेगळं छोटं इंजिन नसतं. जमिनीवर वीज आणि गार हवा मिळावी म्हणून उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात. बघणाऱ्याला वाटतं, पंखा थांबलाय म्हणजे इंजिन बंद. तसं नसतं. म्हणून त्या बाजूला कुणी जाऊ नये हे बघणारी एक व्यक्ती लागतेच. प्रवाशाला सेल्फी हवा असतो, मूल हात सोडून पळतं. अशा वेळी तिथे उभी असलेली मुलगी वॉकीटॉकीवर गेटशी बोलत असेल तर तिचं लक्ष दोन ठिकाणी विभागलं जातं, आणि तो दोष तिचा नाही.

आणि पुढच्या रिकाम्या रांगेत बसू द्या म्हणून वाद घालू नका. कमी प्रवासी असले की तोल राखायला ठरावीक ठिकाणीच बसवावं लागतं.

चिपीकर

पुढच्या रांगेचं आज कळलं. धन्यवाद.

रॅम्पवाला_विदर्भ

मी लोडर होतो, आता सुपरवायझर आहे. मराठीत इतकं लिहायची सवय नाही, चूकभूल माफ.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रॅम्पवरचं काँक्रीट बुटातून भाजतं. विमान पुढच्या बाजूने भरायचं तर आतल्या कप्प्यात वाकून बॅगा रचाव्या लागतात, उभं राहता येत नाही. चार लोडर हवेत तिथे दोन असतात. मग काउंटरची पोरं जाकीट घालून येतात. ती मनाने चांगली, पण तीस किलोची बॅग कशी उचलायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. एकाची पाठ धरली तर दुसऱ्या दिवशी काउंटरला माणूस कमी. मग काउंटर हळू चालतो, मग विमानाला उशीर, मग वरून विचारणा.

कंत्राटावरच्या माणसाला रजा घेतली की पगार कापला जातो, म्हणून दुखत असलं तरी येतात. ही नोकरी सोडायचीही सोय नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला विमानतळावरच्या २,२१६ जागांसाठी केवढी गर्दी उसळली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ती पदं हँडीमन, म्हणजे सामान चढवणं-उतरवणं वगैरेचीच होती. बाहेर हजारो उभे आहेत हे माहीत असलं की माणूस "हे काम माझं नाही" असं म्हणत नाही.

हिशेबी

सगळ्यांबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी विमान वाहतुकीच्या वित्त विभागात काम केलंय. छोट्या मार्गांवर पैसाच नसतो.

छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणारी सरकारची उडान योजना २०१६ मध्ये आली, पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमला ते दिल्ली. काही आसनांचं भाडं मर्यादित ठेवायचं, तूट सरकार तीन वर्षं भरून देणार, सुरक्षा आणि अग्निशमन राज्य सरकार विनामूल्य देणार अशी रचना. विमान कंपनीला स्वतःच ग्राउंड हँडलिंग करायची मुभाही त्यात आहे. एवढं करूनही सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल काय सांगतो? दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यातले ५४ टिकून होते. नांदेड, कोल्हापूर, जळगावला ट्रूजेट ही विमान कंपनी यायची, ती २०२२ मध्ये बंद पडली.

अशा ठिकाणी प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवा म्हटलं तर पहिला परिणाम म्हणजे मार्ग बंद. मग सहा जणांचीही नोकरी जाते. एका माणसाने चार कामं करणं हीच या मार्गांची जगण्याची अट आहे, हे मान्य करायला हवं.

धावपट्टी

हिशेबी, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि ते मला टोचतात, कारण असा मार्ग बंद झाल्यावर सहकाऱ्यांनी ओळखपत्रं परत केलेली मी पाहिली आहेत. कुणी दुसऱ्या शहरात बदली घेतली, कुणी घरच्या जबाबदारीमुळे क्षेत्रच सोडलं. शिकलेलं सगळं तिथेच थांबलं.

पण प्रत्येक कामाला वेगळा माणूस हवा असं मी म्हटलेलंच नाही. माझी मागणी फार लहान आहे. विमान जमिनीवर असतानाच्या त्या अर्ध्या तासाला दोन जास्तीचे हात द्या. गावातली, प्रशिक्षण दिलेली, रोज तीन तासांची माणसं. आणि काही कामं एकमेकांत मिसळू नका, विमान कितीही लहान असो. लोडशीटचे आकडे पाठवणाऱ्याला मध्येच व्हीलचेअर ढकलायला उठवू नये. विमानाजवळ प्रवाशांना सांभाळणाऱ्याच्या कानाला दुसऱ्या कामाचा वॉकीटॉकी नसावा. एक्स-रेवरच्या माणसाला सलग तास न् तास बसवू नये, डोळा थकतो. याला खर्च फार येत नाही, रोस्टर, म्हणजे कुणी कधी कुठे काम करायचं ते वेळापत्रक, बनवणाऱ्याला त्या वीस मिनिटांत कोण कुठे असतो ते माहीत असावं लागतं.

उशिराचा खर्चही हिशेबात धरा ना. हेच विमान पुढे चार ठिकाणी जायचं असतं. सकाळी इथे पंधरा मिनिटं गेली की संध्याकाळपर्यंत ती वाढत जातात.

हिशेबी

तीन तासांची माणसं, हा मुद्दा पटतो. अडचण प्रवेशपत्राची. विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलीस पडताळणी, नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोचा पास, सुरक्षेचं प्रशिक्षण हे सगळं लागतं. तीन तासांच्या माणसासाठी एवढी उस्तवार कंपन्या करत नाहीत. पण दोन कंपन्यांनी मिळून केली तर परवडेल.

प्रेअरीवरून

मी अमेरिकेत नॉर्थ डकोटात असते. इथेही हाच प्रश्न आहे, फक्त थंडीसकट. १९७८ मध्ये इथे विमान वाहतूक खुली झाली, तेव्हा छोट्या गावांची सेवा बंद पडू नये म्हणून 'एसेन्शियल एअर सर्व्हिस' ही अनुदानाची योजना आणली, आणि ती अजून चालू आहे. आमच्याकडे जेम्सटाऊन आणि डेव्हिल्स लेक या गावांना त्यातून विमान मिळतं. स्कायवेस्टसारख्या कंपनीत 'क्रॉस युटिलाइज्ड एजंट' असं पदच असतं. तिकीट काउंटर, गेट, बॅगा, विमान मागे ढकलणं, हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ उतरवणं, सगळं त्याच माणसाकडे.

बर्फ उतरवायला आधी गरम नारिंगी द्रव मारतात, मग पुन्हा बर्फ धरू नये म्हणून दाट हिरवा. हिरव्या द्रवाचा परिणाम ठरावीक मिनिटंच टिकतो, तेवढ्यात विमान उडालं नाही तर सगळं पुन्हा. उणे पंचवीसमध्ये बादलीसारख्या पिंजऱ्यात उभं राहून हे करणारी व्यक्ती थोड्या वेळापूर्वी आत माझा बोर्डिंग पास तपासत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला इथली एक गोष्ट बरी वाटते. नोकरीच्या जाहिरातीतच सगळी कामं लिहिलेली असतात, किती किलो उचलावं लागेल तेही. माणूस समजून-उमजून येतो, आणि प्रत्येक कामाचं प्रशिक्षण वेगळं होतं. आपल्याकडे जाहिरातीत काउंटरवरचा हसरा चेहरा असतो, बाकीचं रुजू झाल्यावर कळतं.

तरी इथे सगळं सुरक्षित आहे असंही नाही. ३१ डिसेंबर २०२२ ला अलाबामातल्या मॉन्टगोमेरी विमानतळावर रॅम्पवरची एक कर्मचारी एम्ब्रेअर १७५ च्या चालू इंजिनात ओढली जाऊन मरण पावली. विमानाचं छोटं सहायक इंजिन बिघडलेलं होतं, म्हणून जमिनीवरची वीज जोडेपर्यंत मुख्य इंजिन चालू ठेवणार होते. इंजिन थांबेपर्यंत जवळ जायचं नाही, असं विमान यायच्या आधी एकत्र बोलणंही झालं होतं.

रॅम्पवाला_विदर्भ

ही घटना आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. विमानावरचा लाल दिवा फिरतोय तोवर हलायचं नाही. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो. स्कार्फ, ओढणी, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र, काही नको. काउंटरच्या गणवेशात स्कार्फ असतो, घाईत तसाच येतो. मी परत पाठवतो, उशीर झाला तरी चालेल.

हजूरसाहिब_रोड

नांदेडचा आहे. एक वेगळा मुद्दा. छोट्या विमानतळावर येणारा प्रवासीही वेगळा असतो. पुष्कळ जण पहिल्यांदाच विमानात बसत असतात. आमच्याकडे गुरुद्वाऱ्याला येणारे यात्रेकरू. किरपाण चालते का, केवढी चालते, हे काउंटरवरच्या मुलीला तोंडपाठ असावं लागतं. देशांतर्गत उड्डाणात शीख प्रवाशाला पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत असलेली किरपाण चालते. हे तिला आदराने, पंजाबी-हिंदीत आणि रांग न थांबवता समजावता आलं पाहिजे. हे कामही कुठल्या यादीत नसतं.

साई_परिसर

शिर्डीला नारळाचं तसंच. २०२२ पासून सुकं खोबरं चेक-इन सामानात चालत नाही, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. देवाचा प्रसाद काढून ठेवा म्हटलं की आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. समजूत काढायला पाच मिनिटं लागतात आणि ती घालवायलाच हवीत. पॉवर बँकचं उलट, ती चेक-इन बॅगेत नको, हातात हवी. एक्स-रेवर दिसली की बॅगेच्या मालकाला शोधा, उघडा, काढा, परत बांधा. सत्तर प्रवाशांत दहा जणांच्या बॅगेत ती निघतेच.

माझी विनंती वाचकांना: घरून निघतानाच पॉवर बँक हातातल्या पिशवीत टाका. त्या मुलांची मोठी मदत होईल.

रामबाग

माझे वडील ८१ वर्षांचे, गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. छोट्या विमानतळावर एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानात नेणारा बोगद्यासारखा पूल, नसतो. व्हीलचेअर विमानाच्या पायऱ्यांपर्यंत आली आणि तिथे थांबली. पायऱ्या अरुंद. शेवटी एका मुलाने आणि एका लोडरने त्यांना खुर्चीसकट सांभाळून वर नेलं. त्यांनी फार काळजी घेतली, वडिलांशी बोलत राहिले, त्यांचा उपकार मी विसरणार नाही. पण हे असं हातांवर व्हावं का? तिकिटात आम्ही व्हीलचेअर आधीच नोंदवली होती.

धावपट्टी

रामबाग, असं व्हायला नको. दिव्यांग आणि चालता न येणाऱ्या प्रवाशांना विमानात चढ-उतार करायला मदत देणं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांनी विमान कंपनी आणि विमानतळ दोघांवर बंधनकारक आहे. त्यासाठी पायऱ्यांऐवजी तिरका उतार, उचलणारी गाडी किंवा निदान पट्ट्यांची अरुंद खुर्ची आणि ती वापरायचं प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं लागतात. साधन असतं पण चालवणारा त्या वेळी बॅगांवर असतो, असंही होतं.

तिकीट काढताना "व्हीलचेअर" एवढंच न लिहिता "पायऱ्या चढता येत नाहीत" हे स्पष्ट नोंदवा. चालता येतं पण पायऱ्या चढता येत नाहीत याची वेगळी खूण यंत्रणेत असते आणि ती यादीत आली की आम्ही त्या माणसांसाठी आधीच दोन हात राखून ठेवतो. काउंटरवर आल्यावर कळलं तर मग धावाधाव होते. एका उड्डाणाला अशा चार-पाच खुर्च्या असल्या तर चढवण्यातच पाव तास जातो.

गोदाकाठ

उड्डाण रद्द झालं तर काय करता? मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणी आम्ही साठ-सत्तर जण आणि समोर दोनच मुलं होती. लोक त्यांच्या अंगावर ओरडत होते. मला फार वाईट वाटलं.

धावपट्टी

सगळ्यात कठीण दिवस तोच. अनेक छोट्या विमानतळांचे कामकाजाचे तास ठरलेले असतात, आणि जिथे रात्री उतरायची सोय नाही तिथे सूर्यास्त ही शेवटची वेळ. मुंबईत ढग दाटले, विमान तासभर उशिरा निघालं, तर इथे ते पोचायच्या आत दिवस मावळतो. कामकाजाचे तास वाढवून मागता येतात, पण धावपट्टीवर दिवेच नसतील तर त्याचा उपयोग नाही. हवा इथे स्वच्छ असते, त्यामुळे "हवामानामुळे रद्द" हे प्रवाशांना खोटं वाटतं.

मग तेच चार-पाच जण सत्तर माणसांचे पैसे परत करणं, दुसऱ्या दिवसाचं तिकीट, मुंबई-पुण्याची बस, जेवण, दूरच्या गावी परत जाणाऱ्याची सोय, हे सगळं करतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यायचं, सहा तासांहून जास्त झाला तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा, असा नियम आहे. मोठ्या शहरात विमानतळावरच उपाहारगृहं असतात. इथे कुणीतरी गाडी काढून गावातून पुलाव-भाजी आणतो. आणि तो आणायला गेलेला माणूस म्हणजे एक्स-रेवाला.

ओरडणाऱ्यांना मी दोष देत नाही. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या घरी मयत असतं. पण समोरच्या मुलाच्या हातात विमान नसतं. त्याला शांतपणे "आमच्यासाठी आत्ता काय करता येईल?" विचारलंत तर तो जिवाचं रान करतो, हे मी खात्रीने सांगते.

सायलीची_आई

लातूरहून लिहितेय. मुलगी बारावीला आहे. एका संस्थेत ग्राउंड स्टाफचा कोर्स करायचा म्हणते. फी लाखाच्या वर सांगताहेत आणि नोकरीची हमी देताहेत. वरचं सगळं वाचून घाबरले. पाठवावं की नको?

पाना_पक्कड

ताई, हमी देणाऱ्यांपासून लांब. विमान कंपन्या आणि हँडलिंग कंपन्या थेट मुलाखतीतून बारावी किंवा पदवीच्या मुलांना घेतात आणि लागणारं प्रशिक्षण स्वतः देतात. खासगी कोर्समुळे बोलण्या-चालण्यात आत्मविश्वास येत असेल, पण सुरक्षेचं किंवा धोकादायक मालाचं जे अधिकृत प्रशिक्षण लागतं ते नोकरी मिळाल्यावरच होतं. ते लाख रुपये पदवीवर आणि चांगल्या इंग्रजी-हिंदीवर घाला.

धावपट्टी

सायलीची आई, घाबरू नका. मुलीला जायचं असेल तर जाऊ द्या, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या मते सुरुवात छोट्या विमानतळावर झाली तर उत्तमच. मुंबईत पहिली दोन वर्षं ती फक्त काउंटर शिकेल. छोट्या ठिकाणी तेवढ्याच काळात काउंटर, गेट, रॅम्प, लोडशीटची माहिती, हरवलेलं सामान, रद्द झालेलं उड्डाण, सगळं हाताखालून जातं. पुढे मोठ्या स्टेशनवर गेल्यावर याचा उपयोग होतो, माझा झाला. आमच्यातली कितीतरी मुलं-मुली आज ड्युटी मॅनेजर, लोड कंट्रोलर (विमानाच्या वजनाचा हिशेब करणारे) झाली आहेत.

पगार सुरुवातीला कमी असतो. भाडं, डबा आणि गाडीखर्च वजा केला तर हातात फार उरत नाही, हे आधी बसून मोजा.

चिपीकर

मुलगी म्हणून जाण्या-येण्याचं काय? आमचा विमानतळ कुडाळहून, मालवणहून बराच लांब. संध्याकाळचं विमान उशिरा सुटलं की एस.टी. नाही, रिक्षा नाही.

धावपट्टी

फार महत्त्वाचं विचारलंत. मोठ्या शहरात कंपनीची गाडी घरी सोडते. छोट्या ठिकाणी "गावातच तर राहता" म्हणून ती नसते, पण विमानतळ गावात नसतोच. ओझर नाशिकपासून वीस किलोमीटर, शिर्डीचा विमानतळ काकडीला. आमच्याकडे एका सहकाऱ्याचे वडील रोज मोटारसायकलवर न्यायला यायचे आणि विमान उशिरा असलं की फाटकाबाहेर थांबायचे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती, संरक्षण आणि घरी पोचवायची सोय हवी असं म्हटलंय. मुलाखतीत त्याचा आधार घेऊन गाडीबद्दल विचारायला मुळीच संकोच करू नये.

सायलीची_आई

मुलाखतीत आणखी काय विचारावं तिने?

धावपट्टी

नेमणूक थेट कंपनीची की कंत्राटदाराची, हे पहिलं. मग रॅम्पवर काम करावं लागेल का, लागणार असेल तर बूट, जाकीट आणि कानांचं संरक्षण कंपनी देते का. सुरक्षा प्रशिक्षणाचा खर्च कोण करतं आणि नोकरी सोडली तर तो परत मागतात का. काही ठिकाणी बाँड लिहून घेतात, तो सही करण्याआधी वडिलांना वाचायला द्यावा. विमान उशिरा आलं तर जादा तासांचे पैसे मिळतात की बदली सुट्टी. सकाळचं आणि संध्याकाळचं विमान असेल तर मधले पाच तास कामात धरतात का, हेही विचारायला सांगा. बरीच ठिकाणं ते धरत नाहीत आणि मुलं विमानतळावरच बसून राहतात, कारण घरी जाऊन येणं परवडत नाही.

आणि मार्ग बंद झाला तर बदली मिळेल की नोकरी संपेल, याचं उत्तर लेखी मागावं. हिशेबींनी दिलेले आकडे बघता हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

सायलीची_आई

हे सगळं तिला वाचून दाखवते. मुलाखत ठरली की इथेच कळवते.

रॅम्पवाला_विदर्भ

ताई, आमच्या स्टेशनवर पुढच्या महिन्यात भरती आहे. धावपट्टी ताईंना निरोपात जाहिरात पाठवतो, त्या तुम्हाला देतील. फी नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला आणि पोलीस पडताळणीचा अर्ज आधी तयार ठेवा, पासला वेळ त्यामुळेच लागतो.